कण्यातील गाठ : एका उपचाराचा इतिहास

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये, आमच्या क्वार्टरांच्या ओळीसमोरील रस्त्यावर, सायंकाळच्या सुमारास एक गृहस्थ काठी टेकीत फेरी घालताना दिसतात. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधून खाली उतरणारा एक लांब व्रण आहे. उन्हाळ्यात ते ओसरीवर बनियन घालून बसले म्हणजे तो दिसतो. एकदा त्यांच्याशी बोलत असता आम्ही सहज त्या व्रणाविषयी विचारले. तेव्हा ते म्हणाले, “गाठ काढायला सहा तास लागले, भाऊ, पण ती आहे हे कळायला दोन वर्षं लागली.”

त्या दोन वर्षांत काय काय झाले, तेही त्यांनी सांगितले. प्रथम पाठ दुखू लागली. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाची पाठ दुखावी यात कोणालाच नवल वाटले नाही. मग तेलाचे मर्दन झाले, पट्टा झाला, वजने लावून ताणून ठेवणे झाले, ‘गादी सरकली’ असेही कोणी सांगितले. रात्री आडवे झाले की दुखणे वाढे. म्हणून ते कित्येक रात्री खुर्चीत बसून काढीत. पुढे एके दिवशी बाजारातून परत आल्यावर पत्नीने विचारले, “एका पायातली चप्पल कुठे टाकलीत?” चप्पल वाटेत केव्हा निसटली, ते त्यांना समजलेच नव्हते. त्या प्रश्नानंतर मात्र चक्रे फिरली, आणि मज्जारज्जूच्या आत वाढलेली गाठ चित्रावर दिसली.

हा आजार दुर्मीळ आहे. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून जी मध्यवर्ती मज्जासंस्था होते, तिच्यात मूळ धरणाऱ्या शंभर गाठींपैकी सुमारे दोन ते चार गाठीच कण्यात उद्भवतात. आणि त्यांतही प्रत्यक्ष मज्जारज्जूच्या गाभ्यात वाढणाऱ्या आणखी थोड्या. आमचे शेजारी त्या थोड्यांतले. त्यांच्या त्या एका वाक्याने आम्हांस या विषयाकडे वळविले. या गाठींवरील उपचारांचा इतिहास आम्ही जसजसा वाचीत गेलो, तसतसे वाटू लागले की तो सारा इतिहास म्हणजे त्याच वाक्याचा विस्तार आहे. गाठ काढण्याची विद्या सव्वाशे वर्षांत कोठल्या कोठे गेली. गाठ आहे हे वेळेवर ओळखण्याचे काम मात्र आजही तितक्याच वेगाने पुढे सरकलेले नाही.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी त्या जागेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मज्जारज्जू ही मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरणारी, सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीची आणि करंगळीएवढ्या जाडीची दोरी होय. माणसाच्या हातापायांची हालचाल, त्वचेची संवेदना, मलमूत्राचे नियमन, हे सर्व तिच्यातून येते जाते. ती कमरेपर्यंतही पुरती पोचत नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपते. तिच्याभोवती मज्जाद्रव असतो, त्याभोवती आवरणे, आणि त्यांभोवती हाडाची नळी. या नळीला फुगण्याची मुभा नाही. पोटात गाठ वाढली तर तिला काही काळ पसरावयास जागा असते. कण्यात ती वाढली की चेपली जाते ती मज्जारज्जूच. गाठ रज्जूच्या बाहेर, आवरणाला किंवा मज्जातंतूच्या मुळाला धरून असली तर ती रज्जूला बाजूला ढकलते; आत असली तर रज्जूलाच आतून ताणते. पहिल्या प्रकारात मेनिंजिओमा आणि श्वानोमा या गाठी येतात, दुसऱ्यात एपेंडिमोमा, ॲस्ट्रोसायटोमा आणि रक्तवाहिन्यांची बनलेली हिमँजिओब्लास्टोमा. या विषयाचा इतिहास बाहेरच्या गाठीपासून सुरू होऊन आतल्या गाठीकडे गेला आहे.

त्या इतिहासाचा पहिला दिवस निश्चित सांगता येतो: ९ जून १८८७. स्थळ लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील रुग्णालय. रुग्ण कॅप्टन गिल्बी नावाचे बेचाळीस वर्षांचे गृहस्थ. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीत डाव्या बाजूला दुखणे सुरू झाले होते. बरगड्यांमधील मज्जातंतूंचे ते दुखणे असावे, असे समजून उपचार झाले. या वैद्याकडून त्या वैद्याकडे जाणे झाले. दुखणे वाढतच गेले. १८८७ सालच्या आरंभी एक पाय अशक्त झाला, मग दुसरा; जूनपर्यंत दोन्ही पाय पूर्ण लुळे पडले, लघवी अडली, आणि पायांना असह्य पेटके येऊ लागले. तेव्हा विल्यम गॉवर्स या मज्जातंतुरोगांच्या विख्यात वैद्यांनी त्यांना तपासले. संवेदना कोठपर्यंत आहे आणि कोठून नाही, याची रेघ त्यांनी शरीरावर शोधली, आणि तीवरून आत कोणत्या पातळीवर दाब पडत असावा याचा हिशेब मांडला. त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागावयाचा होता; तो लागला १८९५ साली. गॉवर्सांजवळ एक टाचणी, एक हातोडी आणि शरीररचनेचे ज्ञान, एवढीच साधने होती.

शस्त्र हाती धरणारे व्हिक्टर हॉर्स्ली त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. त्यांनी हिशेबाप्रमाणे मणक्यांच्या मागच्या कमानी काढल्या, आवरण उघडले, गाठ दिसेना. आणखी शोध घेतला; तरीही दिसेना. जखम शिवून टाकावी, अशा विचारापर्यंत गोष्ट आली. त्या वेळी सोबत असलेल्या चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी एक कमान वर जाऊन पाहावे असा आग्रह धरला. ती कमान काढताच बदामाच्या आकाराची एक गाठ रज्जूला चेपून बसलेली आढळली. गाठ निघाली. वर्षभराने ते गृहस्थ तीन मैल सहज चालू शकत होते, आणि दिवसाचे सोळा तास कामात घालवीत होते. पुढे सुमारे वीस वर्षे जगून ते निराळ्याच कारणाने वारले. गॉवर्स आणि हॉर्स्ली यांनी १८८८ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि कण्यातील गाठ म्हणजे असाध्य व्याधी ही समजूत तेथे प्रथम ढळली.

या प्रसंगाचे वर्णन करताना बहुतेक लेखक हॉर्स्लींच्या धैर्यावर थांबतात. ते धैर्य मोठे होते यात शंका नाही. परंतु आमचे लक्ष दोन निराळ्या गोष्टींकडे जाते. पहिली ती चुकलेली पातळी. वाढत्या वयात कणा मज्जारज्जूहून अधिक लांबतो. त्यामुळे रज्जूचा जो भाग शरीराच्या एखाद्या पट्ट्याला संवेदना पुरवितो, तो त्याच क्रमांकाच्या मणक्याच्या वर असतो. गाठ हिशेबापेक्षा वर सापडली त्याचे इंगित यात आहे, आणि पुढच्या पिढ्यांच्या शस्त्रवैद्यांनी हा धडा पाठ केला. दुसरी गोष्ट ती तीन वर्षे. गिल्बींची गाठ रज्जूच्या बाहेर होती, सावकाश वाढणारी होती, आणि पाय पूर्ण जाऊन फार दिवस झाले नव्हते. म्हणून ते उठून चालू लागले. आणखी काही महिने गेले असते तर तीच गाठ, तेच शस्त्र आणि तोच हात असूनही काय झाले असते, ते सांगणे कठीण नाही.

आतल्या गाठीची कथा अधिक अवघड. रज्जूवर चाकू चालवावयाचा म्हणजे जे वाचवावयाचे तेच कापावयाचे. १९०७ मध्ये व्हिएन्ना येथे आंतोन फॉन आयझेल्सबर्ग यांनी रज्जूच्या आतील गाठ प्रथम यशस्वीपणे काढली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांना योगायोगाने एक युक्ती सापडली. रज्जूच्या मागच्या बाजूस मध्यरेषेवर त्यांनी छेद दिला, गाठ दिसली, परंतु ती ओढून काढण्याचे धाडस न करता त्यांनी जखम बंद केली. सुमारे आठवड्याने पुन्हा उघडून पाहतात तो गाठ छेदातून बरीचशी बाहेर आलेली! आतील दाबानेच तिला बाहेर लोटले होते. ही दोन टप्प्यांची पद्धत त्यांनी एडविन बीअर यांच्यासह १९११ मध्ये मांडली. जेथे माणसाच्या हाताने घाई करू नये तेथे निसर्गाला थोडा अवकाश द्यावा, असा तिचा आशय.

याच सुमारास गाठ दिसावी कशी, हा प्रश्नही सोडविला जात होता. पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्तिए हे पाठदुखीवर लिपिओडॉल नावाचे आयोडीनयुक्त तेल टोचीत असत. एकदा सुई चुकून आवरणाच्या आत गेली, आणि तेलाचा थेंब मज्जाद्रवातून खाली उतरताना क्ष-किरणांखाली दिसला. १९२१-२२ च्या सुमारास या चुकीतूनच मायलोग्राफी जन्मास आली. तेलाचा थेंब जेथे अडे तेथे अडथळा आहे असे समजावयाचे. गॉवर्सांच्या टाचणीला आता एक साक्षीदार मिळाला. तथापि तेल टोचणे वेदनादायक होते, आणि तपासणी कोणाची करावयाची हे मुळात कोणाच्या तरी मनात संशय आल्यावरच ठरे.

आता आपल्याकडे येऊ. भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. या चार वर्षांत ज्या मजुराला, मिस्त्रीला किंवा कारकुनाला कण्यातील गाठ झाली असेल, त्याच्यापुढे कोणता मार्ग होता? रायपूरला वैद्यकीय महाविद्यालय निघावयास १९६३ साल उजाडावयाचे होते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले होते. दुर्गहून ते सुमारे २६५ किलोमीटरांवर. १९५६ पर्यंत आमचा दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानीही नागपूरच. त्यामुळे कचेरीच्या कामाला जाणारा माणूस दुखणे दाखवावयासही तिकडेच जाई. परंतु मेंदू आणि मज्जारज्जू यांची स्वतंत्र शस्त्रविद्या तेव्हा साऱ्या देशातच बाल्यावस्थेत होती. डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोर येथे १९४९ मध्ये तिचा पाया घातला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केले. १९५१ मध्ये मद्रासलाच न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. राम गिंडे आणि के. ई. एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी त्याच दशकात या शाखेची घडी बसविली. देशभरातील अशा शस्त्रवैद्यांची संख्या तेव्हा बोटांवर मोजण्याजोगी होती. मुंबई मेलने दिवस-रात्रीचा प्रवास करून त्यांच्यापर्यंत पोचणारा रुग्ण बहुधा पाय गमावूनच पोचत असणार.

आपल्या देशात या विलंबाला आणखी एक कारण होते, आणि काही अंशी अजूनही आहे. ते म्हणजे कण्याचा क्षय. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णिलेला हा रोग आपल्याकडे इतका आढळतो की, पाठ दुखून पाय लुळे पडले म्हणजे वैद्याच्या मनात क्षयाचा विचार आधी यावा हे योग्यच. शंभर वेळा तो विचार बरोबर ठरतो; एकशेएकाव्या वेळी कण्यात क्षय नसून गाठ असते. दुर्मीळ रोगाचे दुर्दैव हे की, तो नेहमी एखाद्या परिचित रोगाचे कपडे घालून येतो. लंडनच्या कॅप्टनला ‘बरगड्यांमधील दुखणे’ मिळाले, रेल मिलमधल्या कामगाराला ‘सरकलेली गादी’. यात कोणा एका वैद्याला दोष देण्यात अर्थ नाही. बहुसंख्य पाठदुख्या खरोखरच साध्या असतात, आणि प्रत्येक पाठीचे महागडे चित्र काढणे कोणत्याच देशाला परवडणारे नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र साधनांची रांगच लागली. ह्यूस्टनच्या जेम्स ग्रीनवुड यांनी दोन टोकांच्या चिमट्याने रक्तवाहिनी तेवढी भाजून बंद करण्याची युक्ती १९४० मध्ये आणली, आणि आतील एपेंडिमोमा संपूर्ण काढता येतो हे १९५४ पर्यंत दाखवून दिले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस झ्यूरिकच्या याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया रूढ केली. त्यामुळे गाठ आणि निरोगी रज्जू यांमधील केसाएवढी फट दिसू लागली. नाद-लहरींनी गाठ आतून विरघळवून शोषून घेणारे यंत्र आले. न्यूयॉर्कच्या फ्रेड एप्स्टाइन यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांच्या रज्जूतील गाठी त्याच्या साह्याने काढल्या. शस्त्रक्रिया चालू असतानाच मेंदूकडून पायांकडे जाणारे विद्युत्‌संदेश मोजण्याची सोय झाली. संदेश मंदावला की शस्त्रवैद्य हात आवरतो. आणि या सर्वांवर कडी केली ती चुंबकीय अनुनादाच्या चित्राने, म्हणजे आपण ज्याला एम. आर. आय. म्हणतो त्याने. १९७७ मध्ये माणसाच्या शरीराची अशी पहिली चित्रे निघाली. या शोधासाठी लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता तेल टोचावे लागत नाही. रुग्ण निमूट पडून राहतो, आणि त्याची मज्जारज्जू गाठीसह पडद्यावर दिसते.

मग निकाल काय लागतात? येथे गाठीची जात महत्त्वाची ठरते. प्रौढांत अधिक आढळणारा एपेंडिमोमा बहुधा सीमा राखून वाढतो. तो पूर्ण निघाला तर पुष्कळ रुग्ण वर्षानुवर्षे निर्धास्त राहतात, आणि क्ष-किरणांचीही गरज पडत नाही. हिमँजिओब्लास्टोमाचेही तसेच, मात्र ती एखाद्या घराण्यात वंशपरंपरेने उतरत असेल तर पुन्हा नव्या गाठी होतात, आणि त्यांच्यासाठी २०२१ पासून अमेरिकेत एक औषधही मान्य झाले आहे. लहान मुलांत अधिक आढळणारा ॲस्ट्रोसायटोमा रज्जूच्या धाग्यांत मिसळून वाढतो; तो पूर्ण काढू गेल्यास रज्जूच निघेल, म्हणून पुष्कळदा काही भाग काढून किरणोपचारांवर विसंबावे लागते. त्याचा उग्र प्रकार असला तर आयुष्य वर्षा-दीड वर्षात मोजावे लागते. तेथे शस्त्र, किरण आणि औषध ही तिन्ही अजून थिटीच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या गाठींचे जे नवे वर्गीकरण केले, त्यात सूक्ष्मदर्शकातील रूपाबरोबर जनुकांतील बदलही पाहिले जातात. कारण दिसावयास सारख्या गाठी वागावयास निराळ्या असतात, हे आता कळले आहे.

जात कोणतीही असो, चालण्याच्या बाबतीत एक नियम मात्र वारंवार प्रत्ययास आला आहे. १९९० मध्ये मॅकॉर्मिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या चालण्याच्या स्थितीच्या चार पायऱ्या ठरविल्या: नीट चालणारा, अडखळत पण स्वतंत्रपणे हिंडणारा, काठीसारख्या आधारावाचून न चालणारा, आणि बहुधा परावलंबी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस ज्या पायरीवरून जातो, बहुधा त्याच पायरीच्या आसपास तो पुढे राहतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच अनेकांची स्थिती थोडी खालावते, मग काही महिन्यांत सावरते. परंतु चौथ्या पायरीवरून पहिलीवर चढलेले थोडेच. शस्त्रवैद्य जे शिल्लक आहे ते राखतो. जे गेले ते परत आणून देण्याची शक्ती त्याच्या हाती क्वचितच असते. आमचे शेजारी ज्या पायरीवर असताना टेबलावर गेले, त्याच पायरीवर आज आहेत. ते दीड वर्ष आधी गेले असते, तर काठी कदाचित कोपऱ्यातच राहिली असती.

परंतु पाय गेले म्हणजे सारे गेले, असेही नव्हे. आणि हा इतिहासाचा शेवटचा, थोडा उपेक्षित भाग आहे. एके काळी कमरेखाली लुळा पडलेला माणूस शय्याव्रणांनी आणि मूत्राशयाच्या विकाराने थोड्याच काळात मरे. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी जखमी सैनिकांसाठी विभाग उघडला. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळविणे, मूत्रमार्गाची स्वच्छता, आणि खेळ, या साध्या गोष्टींनी त्यांनी ते मरण परतविले. आजचे पॅरालिंपिक सामने त्यांच्याच खेळांतून वाढले आहेत. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अशा सैनिकांचे पुनर्वसन केंद्र चालते.

या संदर्भात दीपा मलिक यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १९९९ मध्ये, पती कारगिलच्या युद्धकाळात सेनेत असताना, त्यांच्या कण्यातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली, आणि छातीखालचे अंग निकामी झाले. पुढे काही वर्षे त्यांचे वास्तव्य महाराष्ट्रात नगरला होते. तेथे त्यांनी उपाहारगृह चालविले, आणि तेथूनच त्या खेळाकडे वळल्या. २०१६ मध्ये रिओ येथील पॅरालिंपिकमध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षात, त्यांनी ४.६१ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. पॅरालिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. मॅकॉर्मिकच्या पायऱ्यांवर त्यांची जागा खालचीच लागेल. त्या पायऱ्या काय मोजतात आणि काय मोजू शकत नाहीत, ते यावरून कळावे.

आज भिलाईच्या माणसाला मुंबई मेलची वाट पाहावी लागत नाही. चित्र काढण्याची सोय जवळ आहे, रायपूरला एम्स २०१२ पासून आहे, नागपूर आहेच. अंतर मिटले, उरला आहे तो संशय येण्याचा प्रश्न. आणि तो बहुधा घरातच प्रथम येतो. आडवे झाल्यावर वाढणारे आणि झोपेतून उठविणारे पाठीचे दुखणे, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना, पाण्याचा गरम-थंडपणा एका पायाला न कळणे, जिना उतरताना गुडघे न ऐकणे, लघवीला वेळ लागणे, यांपैकी काही दिसले तर ते पाठदुखीच्या खात्यावर मांडू नये, एवढेच इतिहास सांगतो. गॉवर्सांची टाचणी जे काम करीत होती, ते काम आमच्या शेजाऱ्यांच्या घरी त्यांच्या पत्नीच्या एका साध्या प्रश्नाने केले.

परवा सायंकाळी ते नेहमीप्रमाणे फेरीवर निघाले होते. पायांत आता पट्ट्याच्या चपला असतात, मागून बंद लावलेल्या. निघण्यापूर्वी त्या माउली दारात वाकून तो बंद लागला आहे की नाही ते पाहतात. मग ते काठी उचलतात आणि चालू लागतात.